डब्याला वास येतोय? आधी खायला घालणं थांबवा

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये आणि मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे निघाले, घरात डब्यात गांडुळं ठेवून ओल्या कचऱ्याचं खत करायचं त्याबद्दलचे. म्हणून कुंड्यांचे आणि कलमांचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त गांडुळं. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांबलचक पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

ताई, मोठ्या हौसेने डबा सुरू केला, पहिले काही आठवडे छान गेले. आता झाकण उघडलं की कुजका वास येतो, खालचा थर काळा चिकट झालाय आणि गांडुळं कडेकडेला जमून बसलीत. मी रोज न चुकता ताजी सालं, देठं घालते, एक दिवस उपाशी ठेवलं नाही त्यांना. मग बिघडतंय कुठे?

एक दिवस उपाशी ठेवलं नाही, तिथेच बिघडतंय. तुमची माया कळते मला, पण आधी गांडूळ जेवतं कसं ते बघा म्हणजे बाकीचं आपोआप लक्षात येईल.

गांडुळाला दात नसतात. गाजराचं ताजं कडक साल समोर टाकलं तर त्याचा तुकडा तोडणं त्याला जमतच नाही. आधी त्या सालावर बॅक्टेरिया आणि बुरशी वाढते, साल मऊ पडतं, लिबलिबीत होतं, मग गांडूळ तो मऊ झालेला भाग त्यावरच्या सूक्ष्मजीवांसकट तोंडात ओढून घेतं आणि पुढे पेषणी नावाचा एक स्नायूंचा कप्पा असतो त्यात वाळूच्या बारीक कणांच्या मदतीने ते भरडलं जातं. त्याचं खरं पोषण होतं ते बरंचसं या सूक्ष्मजीवांवर. म्हणजे तुम्ही डब्यात जे घालता ते पहिल्यांदा सूक्ष्मजीवांचं जेवण असतं आणि गांडुळांची पाळी नंतर येते, दोन दिवसांनी, चार दिवसांनी, साल जाड असेल तर त्याहूनही उशिरा. आता तुम्ही रोज ताजं घालताय, म्हणजे कालचं अजून मऊ व्हायचंय आणि त्यावर आजचं पडतंय. सालांमधलं पाणी सुटून खाली उतरतं (फळं-भाज्यांच्या कचऱ्यात ८० ते ९० टक्के पाणीच असतं), खालचा थर दाबला जातो, हवा शिरायला जागा राहत नाही आणि मग हवेशिवाय जगणारे बॅक्टेरिया तिथे ताबा घेतात. तो सडक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा, आंबट वास असेल तर तो त्यांनी तयार केलेल्या आम्लांचा. गांडुळाला फुप्फुसं नाहीत, ते ओल्या कातडीतून श्वास घेतं, त्यामुळे जिथली हवा संपली तिथून ते निघून जातं. कडेला जमलीत ती त्यासाठीच.

आता करायचं काय, तर खायला घालणं पूर्ण बंद. एक आठवडा, गरज पडली तर दोन. गांडुळं उपाशी मरणार नाहीत, डब्यात आधीच भरपूर पडलंय. चिकट गोळे झालेत ते हाताने काढून टाका, गांडुळं दिसली तर वेचून परत आत सोडा. मग सुकं कार्डबोर्ड हाताने बोटभर रुंदीचं फाडून भरपूर घाला, भरपूर म्हणजे डब्यात जेवढा ओला माल दिसतोय निदान तेवढंच, आणि हलक्या हाताने वरखाली करा, खुरपं नको, हातच बरा. झाकण दोन-तीन दिवस थोडं तिरकं ठेवा. तळाची भोकं बुजलीत का ते काडी घालून बघा, बरेचदा सगळा घोळ तिथेच असतो. ओल बरोबर आहे की नाही ते कळायला मूठभर माल घेऊन घट्ट दाबायचा, एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर कमी.

नंतर पुन्हा सुरू कराल तेव्हा रोजचा नेम सोडा. मागच्या वेळी जिथे खाणं पुरलं होतं ती जागा उघडून बघायची. साल अजून ओळखू येतंय? मग थांबा. ओळखू येत नाही आणि तिथे गांडुळांची गर्दी आहे, तर घाला, पण दुसऱ्या कोपऱ्यात, आणि वरून सुक्या कागदाचा जाड थर. पुस्तकात लिहिलेलं असतं की गांडुळं रोज स्वतःच्या वजनाच्या निम्मं खातात, म्हणजे १ किलो गांडुळं असतील तर अर्धा किलो. जमलेल्या जुन्या डब्यात ते होऊ शकतं, पण नव्या डब्यात सूक्ष्मजीवांची फौजच तयार नसते तर तिथे त्या आकड्याचा काय उपयोग, सुरुवातीला त्याच्या पाव भागावर राहा आणि डबा जसा पचवेल तसं वाढवत न्या.

वास नाकाला झोंबणारा, अमोनियाचा असेल तर मात्र ते वेगळं, नायट्रोजनवालं, म्हणजे ताजं-हिरवं, जास्त झालंय. उपाय तोच, सुका कागद आणि थांबणं.

डबा केवढा घ्यायचा, आणि बागेतली माती खणून निघालेली गांडुळं चालतील ना? विकतची कशाला?

बागेतली खणून काढलेली नाही चालणार. गांडुळांचे राहणीवरून साधारण तीन प्रकार करतात: वरवर पालापाचोळ्यात राहणारी, मातीत आडवी बिळं करत माती खाणारी, आणि खोल उभी बिळं करून रात्री वर येऊन पानं खाली ओढून नेणारी. खणताना आपल्याला सापडतात ती बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारची, त्यांना माती लागते, नुसत्या सालांच्या आणि कागदाच्या ढिगात ती टिकत नाहीत. डब्याला पहिल्या प्रकारची हवीत. जगभर सगळ्यात जास्त वापरतात ते आयसेनिया फेटिडा, लालसर, अंगावर फिकट पट्टे, गर्दीत सुखाने राहणारं आणि थंडी-उकाडा बऱ्यापैकी सोसणारं. युड्रिलस युजेनिए मोठं असतं, खातं झपाट्याने, पण थंडी अजिबात सोसत नाही. पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस हेसुद्धा उष्ण हवेतलं, कामाला चांगलं पण जरा काही मनाविरुद्ध झालं की डबा सोडून निघतं. कोणाच्या चालू डब्यातून ओंजळभर मिळाली तर सगळ्यात उत्तम, खतासकट घ्या, कारण त्या खताबरोबर त्यांचे सूक्ष्मजीवही येतात.

डबा खोल नको, पसरट हवा. ही गांडुळं वरच्या थरातच वावरतात, ३० सेंटीमीटर खोली पुष्कळ झाली. पारदर्शक नको, उजेड त्यांना सहन होत नाही. तळाला आणि बाजूंना भोकं, खाली ताट. आत आधी बिछाना घालायचा: फाडलेलं कार्डबोर्ड, वर्तमानपत्राच्या पट्ट्या (चकचकीत छपाईचा कागद नको), सुकी पानं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेतलं तर दोन-तीनदा धुऊन कारण त्यात मीठ असू शकतं. सगळं भिजवून पिळून घ्या आणि मूठभर माती टाका, भरडायला कण मिळतात.

आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात. बिछाना घातला त्याच दिवशी गांडुळं सोडतात. त्यापेक्षा बिछान्यात थोडी सालं पुरून डबा एक-दोन आठवडे तसाच ठेवा, बुरशी दिसायला लागू दे, मग गांडुळं आणा. तोपर्यंत त्यांचं जेवण शिजलेलं असतं.

काल आणली, आज सकाळी अर्धी झाकणाला आणि काही जमिनीवर! पळून का जातायत?

नवीन जागा आहे, पहिले दोन-चार दिवस असं होतं. रात्री डब्यावर दिवा चालू ठेवा आणि झाकण उघडं राहू द्या, उजेडाला घाबरून ती खालीच राहतील. आठवड्यानंतरही चालूच राहिलं तर बिछान्यात काहीतरी खटकतंय, फार ओलं आहे, आंबट झालंय किंवा आत तापलंय, हात घालून बघा. जुन्या डब्यातून कधीतरी पाऊस येण्याआधी थोडी वर चढलेली दिसतात, त्याची काळजी नको.

एका ठिकाणी वाचलं लिंबूवर्गीय फळांची सालं चालत नाहीत, दुसरीकडे चालतात. कांद्याचंही तसंच. एकदाची यादी द्या ना, फ्रिजवर चिकटवते.

यादी देता येईल पण मला यादीपेक्षा प्रमाण सांगायला आवडेल, कारण भांडणं सगळी प्रमाणाची आहेत. लिंबूवर्गीय सालांमध्ये आम्ल असतं आणि लिमोनीन नावाचं तेल असतं, ते गांडुळांना त्रास देतं. पण एक साल मोठ्या डब्यात एका कोपऱ्यात पडलं तर गांडुळं दुसऱ्या कोपऱ्यात जातात, साल हळूहळू बुरशीने खाल्लं जातं आणि महिन्याभराने तिथेही ती फिरायला लागतात. ज्यांनी ज्यूस काढल्यावर बादलीभर सालं ओतली त्यांचा डबा बिघडला आणि ज्यांनी एखादं घातलं त्यांचं काहीच झालं नाही, दोघंही आपापल्या जागी खरं सांगतायत. कांदा-लसणाचंही तेच.

काही गोष्टी मात्र थोड्यासुद्धा नकोत. मीठ आणि तेल असलेलं शिजवलेलं अन्न, कारण मीठ त्या ओल्या कातडीला सोसत नाही आणि तेलाचा थर हवा अडवतो. मांस, मासे, दूध-दुभतं, वास येतो आणि उंदीर, माश्या येतात. कुत्र्या-मांजरांची विष्ठा, त्यात माणसाला बाधणारे जंतू असू शकतात आणि गांडूळखताचा ढीग तापत नाही त्यामुळे ते मरतील याची खात्री नाही. जनावरांचं शेण चांगलं, पण ताजं नको, ते तापतं, आणि जनावराला नुकतंच जंताचं औषध दिलं असेल तर ते शेण अजिबात नको, त्या औषधाचा अंश शेणातून उतरतो आणि आपली गांडुळं जाऊ शकतात. हे फार कमी लोक सांगतात म्हणून मुद्दाम लिहिलं. फळांवरचे स्टिकर काढा. चहाच्या पिशव्या फाडून फक्त पत्ती टाका, पिशवीत बरेचदा प्लास्टिक असतं.

आवडीचं काय, तर केळ्याचं साल, कलिंगडाचं साल, भोपळ्याचा गर, कॉफीचा चोथा (बेताने), पालेभाजीची देठं. अंड्याची टरफलं धुऊन वाळवून मिक्सरला अगदी पीठ करून घाला, भरडायलाही कामाला येतात आणि आंबटपणाही कमी करतात, मोठे तुकडे टाकले तर वर्षभर तसेच दिसत राहतात. आणि एक सोपी युक्ती, सालं बारीक चिरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची आणि पूर्ण वितळवून मग घालायची. गोठल्यामुळे पेशी फुटतात, साल लगेच मऊ पडतं आणि सूक्ष्मजीवांचं काम सोपं होतं, शिवाय चिलटांची काही अंडी-अळ्याही त्यात मरतात.

डब्यात पांढरे बारीक दोऱ्यासारखे किडे झालेत, शेकड्यांनी. ही गांडुळांची पिल्लं का? आणि चिलटांचं काय करू, स्वयंपाकघरभर झालीत.

पांढरे असतील तर पिल्लं नाहीत. गांडुळाचं पिल्लू जन्मतः फिकट असतं पण नीट बघितलं तर आत लालसर रेघ दिसते, ती रक्तवाहिनी. पूर्ण पांढरे म्हणजे एन्किट्रेड, गांडुळांचेच छोटे नातेवाईक, डब्यातलाच कचरा खातात आणि कोणाला त्रास देत नाहीत. फक्त एवढं समजा की डबा जास्त ओला किंवा आंबट झालाय. उड्या मारणारे बारीक पांढरे ठिपके म्हणजे स्प्रिंगटेल, तेही बिनधास्त राहू द्या, बुरशी खातात. मोठ्या जाड करड्या अळ्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात, त्या भराभर खातात आणि डब्यात उष्णता वाढवतात, गांडुळांना सरळ मारत नाहीत पण नको असतील तर वेचा.

चिलटं सालांबरोबर येतात, अंडी आधीच सालावर असतात. खाणं कधीही उघडं ठेवू नका, निदान ५ सेंटीमीटर सुक्या बिछान्याखाली पुरा आणि वर डब्याच्या मापाचा कार्डबोर्डचा तुकडा ठेवा. एक आठवडा नवीन काही घालू नका. औषध फवारायचा विचारसुद्धा नको, गांडुळं त्याच हवेत आणि त्याच ओलीत श्वास घेतायत.

मी सातवीत आहे. गांडूळ कापलं की दोन गांडुळं होतात असं माझा मित्र म्हणतो. खरं आहे का? आणि डोळे नसताना त्यांना उजेड कसा कळतो?

मित्राला सांग, होत नाहीत. डोक्याकडचा तुकडा पुरेसा लांब असला तर कधीकधी जगतो आणि त्याला शेपटीचा भाग नव्याने फुटतो. शेपटाकडचा तुकडा काही वेळ वळवळत राहतो म्हणून लोकांना वाटतं तो जिवंत झाला, पण तो बहुतेकदा मरतोच. करून बघू नकोस, त्याला दुखतं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो जीव आहे.

उजेडाचं तू छान विचारलंस. त्याच्या कातडीत उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात, विशेषतः डोक्याकडच्या भागात. चित्र दिसत नाही, फक्त उजेड आहे की अंधार एवढं कळतं. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही, तेव्हा टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावून रात्री डबा उघड आणि शांत बसून बघ, त्या उजेडात ती पळत नाहीत, आपलं काम करत राहतात. चार्ल्स डार्विनने म्हातारपणी गांडुळांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, १८८१ साली, मरायच्या सहाएक महिने आधी. त्याने कुंडीतल्या गांडुळांसमोर शिट्टी वाजवली, पियानो वाजवला, आरडाओरडा केला, त्यांना काही फरक पडला नाही. पण तीच कुंडी पियानोवर ठेवून एक सूर वाजवला तर झटकन बिळात गेली. ऐकू येत नाही, पण कंप कळतो. तुमचा डबा वॉशिंग मशीनजवळ असेल तर आईला दाखव हे.

अजून एक शोध तुझ्यासाठी. खतात बारीक, दोन्हीकडे निमुळते, फिकट पिवळे नाहीतर तपकिरी दाणे दिसतात, साधारण ३ मिलीमीटरचे. बी नाही ते, ती गांडुळांची अंडकोषं. प्रत्येक गांडूळ नर पण असतं आणि मादी पण, तरी जोडीदार लागतोच, आणि मोठं झालेलं ओळखायचं तर अंगावरचा जाड पट्टा बघायचा. त्या पट्ट्यातूनच हे अंडकोष तयार होतात. एका दाण्यातून दोन-तीन, कधी जास्त पिल्लं निघतात आणि त्याला हवा बरी असेल तर तीनेक आठवडे लागतात. दाणा गडद लालसर झाला की वहीत तारीख लिहून ठेव.

डब्याखालच्या ताटात काळं पाणी जमतं तेच व्हर्मिवॉश ना? झाडांना तसंच घालू?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलाय. व्हर्मिवॉश म्हणजे तयार झालेल्या गांडूळखतातून मुद्दाम स्वच्छ पाणी सोडून गोळा केलेलं. ताटात जमतं ते अर्धवट कुजलेल्या सालांमधून निचरलेलं पाणी, त्यात काय असेल ते डब्याच्या तब्येतीवर आहे, कधी बरं, कधी मुळांना जाळणारं. वास येत असेल तर टाकून द्या. वास नसेल तर दहा पट पाणी घालून फुलझाडांच्या मातीत चालेल, कच्चं खायच्या पालेभाजीवर नको. खरं तर रोज ताट भरत असेल तर पाण्याचं काय करू विचारण्याआधी डब्यात कागद वाढवा, नीट चाललेल्या डब्यातून जवळजवळ पाणी येतच नाही.

आमच्या आईला फार किळस येते. घरात गांडुळं म्हटल्यावर दोन दिवस बोलली नाही. कसं पटवू?

पटवू नका, दाखवा, पण घाईने नाही. आईची भीती खोटी नाहीये, तिला वाटतंय घाण येईल, वास येईल, किडे घरभर होतील, आणि बिघडलेला डबा असेल तर हे तिन्ही होतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने डबा बाल्कनीत किंवा जिन्याखाली ठेवा, ती जिथे वावरते तिथे नको, आणि सगळं काम तुमचं, तिच्यावर सालं वेगळी करायची जबाबदारीसुद्धा टाकू नका. या काळात अगदी थोडंच घाला. डब्यातून एकदा जरी दुर्गंध तिच्यापर्यंत गेला तर पुढचं सगळं अवघड होईल, दोन चमचे सालं कमी गेली तर काहीच बिघडत नाही.

मग खत तयार झालं की गांडुळं वेगळी करून नुसतं खत तिच्या हातात द्या. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास, त्या वासाला जिओस्मिन नावाचं द्रव्य कारण असतं, मातीतले काही बॅक्टेरिया ते तयार करतात आणि माणसाचं नाक ते अगदी थोडं असलं तरी ओळखतं. तिच्या आवडत्या झाडाला तिलाच घालू द्या. माझ्या ओळखीत किळस करणारी बरीच माणसं इथेच नरमलीत. नाहीच पटलं तर तिचं ऐका, घर तिचंही आहे, गांडुळांशिवायही कंपोस्ट होतं.

घरात दोनच माणसं. एवढ्याशा कचऱ्यासाठी हा खटाटोप कशाला, गाडी येतेच की न्यायला.

गाडी नेते ते कुठे नेते हे बघा. ओला कचरा बाकीच्याबरोबर डोंगरात दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही आणि त्यातून मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट तापमानवाढ करतो. तुमच्या बिघडलेल्या डब्यात तळाला जे होतं तेच तिथे डोंगराएवढं होतं. दोन माणसांचा डबा सांभाळायला तर सगळ्यात सोपा, आठवड्यातून एकदा-दोनदा घालायचं, बाकी दिवस बघायचंसुद्धा नाही. मला हे काम मनापासून महत्त्वाचं वाटतं.

खत तयार झालं हे कसं ओळखायचं आणि गांडुळं वेगळी कशी करायची? शिवाय खत घातलेल्या कुंडीत टोमॅटो उगवले, मी लावलेच नव्हते!

बहुतेक डबा काळा, एकसारखा, दाणेदार दिसतो आणि साल-कागद ओळखू येत नाही तेव्हा तयार. नव्या डब्याला तीन ते सहा महिने धरा. फार उशीर करू नका, नुसत्या स्वतःच्या विष्ठेत गांडुळं खुश नसतात, हळूहळू कमी व्हायला लागतात.

वेगळं करायला दोन रस्ते. घाई नसेल तर सगळा माल एका बाजूला सरकवा, रिकाम्या बाजूला नवा बिछाना आणि आवडीचं खाणं, आणि दोन-तीन आठवडे फक्त तिथेच घाला, गांडुळं स्वतः चालत जातील. घाई असेल तर प्लास्टिकच्या कागदावर खताचे छोटे ढीग करा, वर दिवा, दहा मिनिटांनी वरचं खत हलकेच काढा, पुन्हा थांबा, पुन्हा काढा. उजेडापासून ती खाली खाली जातात आणि शेवटी तळाला त्यांचा गोळा उरतो. अंडकोषं बरीच खतातच जातात, त्याला इलाज नाही.

टोमॅटोचं कारण म्हणजे हे खत तापत नाही. मोठ्या कंपोस्टच्या ढिगात तापमान ५५ अंशांच्या वर जातं आणि बिया मरतात, इथे तसं झालं तर गांडुळंच मरतील. म्हणून बिया शाबूत राहतात आणि खत त्यांना आवडतं. नको असतील तर बियांचा गर डब्यात घालू नका.

घालताना मात्र हात आखडता ठेवा. कुंडीच्या मिश्रणात १० ते २० टक्के पुरे. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत क्लाइव्ह एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंड्यांमध्ये वेगवेगळ्या प्रमाणात गांडूळखत मिसळून रोपं वाढवून बघितली होती, तिथेही सगळ्यात चांगली वाढ खत थोड्या प्रमाणात असताना मिळाली, नुसत्या खतात लावलेली रोपं पुढे गेली नाहीत.

गांडुळं फार झाली तर जंगलात सोडू का?

नको. उत्तर अमेरिकेच्या ज्या भागावर हिमयुगात बर्फ होता तिथल्या जंगलांत गांडुळं उरलीच नव्हती, नंतर माणसांबरोबर बाहेरून गेली आणि त्यांनी जमिनीवरचा पानांचा थर इतका खाल्ला की त्यावर जगणारी झाडं-झुडपं मागे पडली. कोणाला तरी डबा सुरू करून द्या. तसंही जागा आणि खाणं संपलं की ती स्वतःच पिल्लं कमी करतात.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची, आणि तीन आठवडे बाहेरगावी गेलो तर?

१५ ते २५ अंश त्यांना आवडतं, ३५ च्या पुढे धोका. डबा सावलीत, हवा खेळती, पाणी रोज ओतण्यापेक्षा वर ओला कार्डबोर्ड, आणि फार उकाडा असेल तर पाण्याची बाटली गोठवून बिछान्यावर ठेवा, संध्याकाळी बदला. उकाड्यात ताजं गवत किंवा एकाच जागी खूप सालं घालू नका, ती स्वतःच तापतात. थंडीत १० अंशांखाली ती सुस्तावतात, खाणं कमी करा आणि डबा घरात घ्या, गोठू देऊ नका.

तीन आठवडे म्हणजे काहीच नाही. निघायच्या आदल्या दिवशी ढीगभर घालून जायचा मोह होईल, तो टाळा, त्यानेच डबा सडतो. नेहमीएवढंच घाला, वर भिजवून पिळलेल्या कार्डबोर्डचा जाड थर द्या आणि जा. कागद आणि त्यावरची बुरशी हे त्यांचं जेवणच आहे, तेवढ्यात ती मजेत राहतात. शेजाऱ्यांना किल्ली देत असाल तर झाडांना पाणी घालायला सांगा, डबा उघडायला सांगू नका.

(पुढच्या अंकात कलमांचे आणि कुंडीतल्या मातीचे प्रश्न घेणार आहोत, पाठवा.)